शेर, तोळा, गुंठा, सूत: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

देशात दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि वजनमापांचा कायदा झाला १९५६ साली. तरीही जुन्या वह्या, दागिने, सातबारे आणि बांधकामाची बिले यांतून जुनी मापे आजही समोर येतात. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. ज्यांत जमीन किंवा सोने यांचा व्यवहार अडला आहे, त्यांना जागा जास्त दिली आहे.

घरच्या दुकानाच्या १९५८ सालच्या वहीत ‘तांदूळ ३ मण १२ शेर ६ छटाक, दर मणी २२ रु. १० आ.’ अशी नोंद आहे. हे किती किलो झाले आणि किलोला काय भाव पडला? (बार्शी)

आधी मण कोणता ते ठरवा. १९३९ च्या कायद्याने तोळा १८० ग्रेनचा, शेर ८० तोळ्यांचा आणि मण ४० शेरांचा असे ठरले. तुमच्या नोंदीत मण, शेर, छटाक एका ओळीत आहेत, म्हणजे बहुधा हाच मण. त्याचे गणित असे: १ मण = ३७.३२४२ किलो, १ शेर = ०.९३३१ किलो, १ छटाक (५ तोळे) = ५८.३२ ग्रॅम.

३ मणांचे १११.९७ किलो, १२ शेरांचे ११.२० किलो, ६ छटाकांचे ०.३५ किलो. एकूण १२३.५२ किलो. दर २२ रुपये १० आणे म्हणजे (१६ आण्यांचा रुपया) २२.६२५ रुपये. त्याला ३७.३२४२ ने भागले की किलोला ६०.६ पैसे, क्विंटलला ६० रुपये ६२ पैसे. ताळा पाहायचा तर एकूण रक्कम काढा: ७४ रुपये १४ आणे येते. वहीत हीच रक्कम असेल तर मण बरोबर धरला. वेगळी असेल तर अंक वाचण्यात गफलत आहे किंवा अडत-हमाली त्यात मिळवलेली आहे.

मुंबईच्या घाऊक बाजारातला जुना मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा होता आणि असे २० मण मिळून ५६० पौंडांची खंडी. वहीतला मणाचा भाव शेजारच्या पानांपेक्षा तिपटीने कमी दिसला तर तो मण मुंबईचा आहे का ते तपासा.

आमच्याकडे पितळेची जुनी पायली आहे. तिच्यात किती किलो धान्य मावते? (संगमेश्वर)

याला एक उत्तर नाही, कारण पायली हे आकारमानाचे माप आहे. चार शेरांची एक पायली, पण हा शेर मापाचा, वजनाचा नव्हे. त्याखाली मापटे, चिपटे, कोळवे, निळवे अशी निम्म्यानिम्म्याने उतरण. पायल्यांचा मण मात्र कुठे बाराचा, कुठे सोळाचा. त्यातही माप सपाट पुसून घ्यायचे की शीग लावून, हे गावोगाव वेगळे. शिगेतले धान्य थोडे वाटते, पण रुंद तोंडाच्या मापात त्याने मोठा फरक पडतो.

घरचे माप तपासायचे असेल तर रिकामी पायली काट्यावर ठेवा, काठोकाठ पाणी भरा आणि वजनातला फरक घ्या. जितके किलो पाणी तितके लिटर. मग ज्या धान्याचा हिशेब हवा ते एका लिटरच्या मापात सपाट भरून तोला आणि गुणा. तांदूळ, नाचणी, कुळीथ यांचे आकडे वेगळे येतील. भात तर तुसासकट बराच हलका भरतो. जुन्या खंडाच्या कागदात ‘भात’ लिहिले आहे की ‘तांदूळ’, ते म्हणूनच नीट वाचावे.

एक आणा म्हणजे सहा नये पैसे आणि चार आणे म्हणजे पंचवीस, मग मधला एक पैसा कुणाच्या खिशात गेला? (नाशिक)

रुपयाचे आणे १६ आणि नये पैसे १००, म्हणून एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. कायद्याचा नियम असा होता की अर्धा नया पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडायचा, जास्त असेल तर पुढचा पूर्ण धरायचा. त्यामुळे १ आणा ६, २ आणे (साडेबारा) १२, ३ आणे (पावणेएकोणीस) १९, ४ आणे २५. पुढे ३१, ३७, ४४, ५० आणि मग ५६, ६२, ६९, ७५, ८१, ८७, ९४, १००.

नफा-तोटा ठरत होता तो बदल केव्हा करता यावर. तीन आण्यांच्या पाच वस्तू घेतल्या तर एकूण १५ आणे, म्हणजे ९४ नये पैसे. प्रत्येक वस्तू वेगळी बदलली तर १९ पंचे ९५. दोन आण्यांच्या पाच वस्तूंचे एकत्र ६२, सुटे ६०. म्हणजे दोन्ही बाजूंना फटका बसू शकत होता. आधी बेरीज जुन्या नाण्यांत, मग शेवटी एकदाच बदल, ही रीत दोघांनाही न्यायाची. मण-शेर, गुंठे-आर यांनाही ती तशीच लागू आहे. ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ पासून गेला. चार आणे, आठ आणे, बारा आणे बोलण्यात टिकले, कारण तेवढेच २५, ५०, ७५ वर चोख बसतात.

आईच्या पाटल्या पाच तोळ्यांच्या. एक सराफ म्हणतात ५८ ग्रॅम हवे, दुसरे म्हणतात पाच तोळे म्हणजे ५० ग्रॅम. खरे कोण? (सांगली)

दोघेही आपापल्या तोळ्याबद्दल बरोबर बोलत आहेत. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्याचे पाच तोळे ५८.३२ ग्रॅम. आज बाजारात बोलण्यातला तोळा १० ग्रॅमचा. पाटल्या दशमान वजने येण्यापूर्वी घडवलेल्या असतील आणि पावतीवर मासे-गुंजा असतील, तर तोळा जुनाच. तिथे ५० ग्रॅम धरून व्यवहार केला तर ८.३२ ग्रॅम सोने हिशेबातून गळते.

मासे-गुंजांचे गणित: १२ मासे = १ तोळा, ८ गुंजा = १ मासा. मासा ०.९७२ ग्रॅम, गुंज ०.१२१५ ग्रॅम. काही पावत्यांवर वाल असतो. ३ गुंजांचा वाल, ३२ वालांचा तोळा. उदाहरणार्थ ‘२ तोळे ७ मासे ४ गुंजा’ म्हणजे २३.३३ + ६.८० + ०.४९ = ३०.६२ ग्रॅम.

प्रत्यक्षात करायचे ते असे. सराफाकडे ‘तोळे’ हा शब्दच वापरू नका. दागिना डोळ्यांसमोर काट्यावर ठेवायला सांगा, आधी शून्य दिसले का ते पाहा, ग्रॅमचा आकडा दोन दशांशांपर्यंत लिहून घ्या. लाख, मणी, दोरा यांचे वजन वेगळे लिहायला लावा. आकडा ५८.३२ पेक्षा थोडा कमी आला तर घाबरू नका, वर्षानुवर्षे वापरून पाटली झिजते. फरक दोन-तीन ग्रॅमच्या पुढे गेला तर मात्र मूळ पावतीवरचे वजन निव्वळ होते की लाखेसकट, ते पाहा. बिलावर ग्रॅमच हवेत. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याप्रमाणे भावपत्रक, बिल आणि जाहिरात यांत प्रमाण एककांखेरीज दुसरे माप चालत नाही.

इतक्या मोठ्या देशात हा बदल जमला कसा? स्पर्धा परीक्षेसाठी नेमके टप्पे सांगा. (परभणी)

पहिला प्रयत्न १८७१ चा. शेर हा किलोग्रॅमइतका धरावा असा कायदा झाला, पण अंमल झालाच नाही. स्वातंत्र्यानंतर क्रम विचारपूर्वक लावला. आधी नाणी (१९५५ ची दुरुस्ती, १९५७ चा अंमल), कारण दशांशात पैसे मोजायची सवय झाली की दशांशात वजन मोजणे सोपे जाते. मग १९५६ चा वजनमापांचा कायदा. १९५७ मध्ये भारत मीटर कराराचा, म्हणजे मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भाग आणि उद्योग, आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर दशमान वजने सक्तीची. प्रत्येक भागात काही काळ दोन्ही वजने चालू दिली आणि मुदत संपताच जुनी बाद केली. आमच्या मते यश आले ते या ‘बाद केली’मुळे. जुने वजन दुकानात कायम राहू दिले असते तर नवे कुणी हातात धरले नसते.

दुसरी अवघड बाजू होती खरी वजने गावापर्यंत पोचवण्याची. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आंतरराष्ट्रीय मूळ किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत आहे. तिच्यावरून संदर्भ प्रमाणे, त्यांवरून दुय्यम, त्यांवरून निरीक्षकाच्या हातातली कार्यकारी प्रमाणे आणि शेवटी दुकानातले वजन, अशी साखळी. राज्यांना लागणारी प्रमाण वजने मुंबईच्या टांकसाळीत तयार होतात आणि नागपूरला प्रादेशिक संदर्भ प्रमाण प्रयोगशाळा आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या दंडगोलावरून नाही तर प्लांकच्या स्थिरांकावरून (भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून) होते, पण दुकानापर्यंतची साखळी तीच राहिली.

वडिलोपार्जित जमीन खरेदीखतात १ एकर १५ गुंठे, सातबाऱ्यावर ०.५५.६४. भाऊ म्हणतो, गुंठा आणि आर एकच, मग ५५ चे ५५.६४ कसे झाले? (शिरूर)

गुंठा आणि आर एक नाहीत आणि महाराष्ट्रात जमिनीच्या वाटण्यांत सगळ्यात जास्त घोळ याच समजुतीने होतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, चोख १०० चौरस मीटर. दर गुंठ्यामागे सव्वा चौरस मीटरच्या आतला फरक, म्हणून तो कुणी मनावर घेत नाही.

तुमचे गणित: १ एकर १५ गुंठे = ५५ गुंठे. ५५ × १०१.१७१४ = ५५६४.४ चौरस मीटर. सातबाऱ्यावर ते हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने ०.५५.६४ लिहिले जाते. सातबारा बरोबर आहे. भावाच्या म्हणण्याप्रमाणे ०.५५.०० धरले असते तर ६४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६९० चौरस फूट जमीन कागदावरून नाहीशी झाली असती. गावठाणाजवळ तेवढ्यात घर बसते.

उलट बाजूने फसगत अशी होते की विकणारा ‘वीस गुंठे’ म्हणतो आणि सातबाऱ्यावर ०.२०.०० असते. २००० चौरस मीटर म्हणजे १९.७७ गुंठे, जुन्या हिशेबात १९ गुंठे १२ आणे (१६ आण्यांचा गुंठा). भाव गुंठ्यावर ठरला असेल तर पैसे वीस गुंठ्यांचे नाही, १९.७७ चे द्यायचे.

काम करताना चार गोष्टी पाळा. एकराचे आधी गुंठे करा, एकूण गुंठ्यांना एकदाच १०१.१७१४ ने गुणा आणि शेवटीच पूर्णांक करा. हिस्से वेगवेगळे बदलून बेरीज केली तर ती मूळ क्षेत्राशी जुळत नाही. पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) लागवडीच्या क्षेत्रात मिसळू नका. वाटणीपत्रात आकडा चौरस मीटरमध्ये लिहा, गुंठे फक्त समजुतीसाठी शेजारी. आणि दशांशचिन्हाची चूक टाळा: ०.५.५० आणि ०.५५.०० यांत दहापट फरक आहे, म्हणून आर नेहमी दोन अंकी, ०.०५.५० असे लिहावे.

एकरांतून हेक्टर झाले तेव्हा बांध कुठेच सरकले नाहीत, बदलला फक्त आकडा. म्हणून जुन्या-नव्या उताऱ्यांत एखाद-दोन चौरस मीटरचा फरक दिसला तर तो पूर्णांकाचा असतो. काही आरांचा दिसला तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा, कारण तिथे फेरफार किंवा नकलेतली चूक असण्याची शक्यता मोठी.

मिस्त्री ‘चार सुती’ गज (लोखंडी सळई) सांगतो, दुकानदार १२ मिलिमीटरचा देतो. आणि वाळू अजून ब्रासमध्येच. हिशेब कसा ठेवायचा? (लातूर)

इंचाचे आठ सूत, म्हणून सूत ३.१७५ मिलिमीटर. चार सूत खरे तर १२.७ मिलिमीटर होतात, पण आज त्या नावाने १२ मिलिमीटरचाच गज मिळतो. वजनाचे सूत्र सोपे: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ मिलिमीटरला ०.८८९ किलो, १२ मीटरच्या गजाला १०.६७ किलो. १२.७ धरून अंदाजपत्रक केले तर तोच गज ११.९५ किलोचा निघतो आणि वजन बारा टक्क्यांनी फुगते. तीन सुतांत उलटे होते: ९.५ च्या जागी १० मिलिमीटरचा गज येतो, म्हणून मागवलेले वजन कमी पडते. पाच सूत (१६ मिलिमीटर) जवळजवळ जुळतात. नकाशात आणि मागणीत मिलिमीटरच लिहा, मिस्त्रीशी बोलताना सूत चालू द्या.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. गाडीच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत घ्या, गुणून शंभराने भागा. १४ × ७ × २.५ फूट म्हणजे २.४५ ब्रास, ६.९४ घनमीटर. उंची कडेला नका मोजू. माल सपाट करून चार ठिकाणी सळई खुपसा आणि सरासरी घ्या. बारीक वाळू ओलसर असताना फुगते, पाच-आठ टक्के ओलाव्याला २५ ते ३० टक्क्यांपर्यंतही. भर पावसात मापाने घेतलेली वाळू सुकल्यावर कमी दिसते ती याच कारणाने. हौद्याचे माप बरोबर असूनही माल कमी भरतो. शक्य असेल तिथे वजनकाट्याची पावती घ्या आणि काँक्रीटचे प्रमाण वजनावर धरा. फरशी आणि प्लास्टर यांतला ब्रास मात्र १०० चौरस फुटांचा, ९.२९ चौरस मीटर. एकाच बिलात दोन्ही ब्रास आले तर कंत्राटदाराकडून शेजारी एकक लिहून घ्या.

पाव किलोचे वजन बाजारात का मिळत नाही? (किराणा दुकानदार, वाई)

दशमान वजनांची मालिका १-२-५ अशी आहे: ५०, १००, २००, ५०० ग्रॅम, मग १, २, ५, १० किलो. पाव किलो २०० आणि ५० मिळून होतो, पाऊण किलोला ५००, २००, ५०. शेराच्या काळात निम्म्यानिम्म्याची वजने होती आणि गिऱ्हाईक अजून तसेच मागते. फक्त पावशेर २३३ ग्रॅमचा होता, पाव किलो २५० चा आहे.

लोखंडी वजने आणि तराजू यांची फेरपडताळणी दर २४ महिन्यांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी. वजनाला रंग देऊ नका, वाढते. गंज खरवडू नका, घटते. खालच्या शिशावरचा शिक्का पुसट झाला तर निरीक्षकाकडे न्या. तराजूत नुसता पासंग काढून भागत नाही. माल आणि वजने यांची पारडी अदलाबदल करून पाहा. तरी दांडी सरळ राहिली तरच दोन्ही बाहू सारखे.

कॅनडात दशमान बदलाच्या वेळी विमानाचे इंधन हवेत संपले होते, ते नेमके कसे? (टोरांटो)

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचे बोइंग ७६७ हे त्या ताफ्यातले किलोग्रॅमवर चालणारे पहिले विमान. इंधनदर्शक बंद होता, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजले: ७६८२ लिटर. हवे होते २२३०० किलो. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायचे, पण सवयीचा आकडा १.७७ वापरला, जो लिटरचे पौंड करतो. उत्तर १३५९७ आले, ते किलो समजले गेले. कमी दिसलेले ८७०३ पुन्हा १.७७ ने भागून ४९१६ लिटर भरले. प्रत्यक्षात सुमारे २०००० लिटर भरायला हवे होते. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडाले, वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे वाचले. आकडेमोड दोन्ही वेळा बरोबर होती. १.७७ समोर ‘पौंड प्रति लिटर’ एवढे शब्द लिहिलेले असते तर चूक तिथेच दिसली असती.

कापसाचा भाव क्विंटलला, रुईचा खंडीला. तुलना कशी करू? (यवतमाळ)

रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६२ किलो, धान्याच्या ५६० पौंडी खंडीशी तिची गल्लत नको. खंडीच्या भावाला ३.५५६२ ने भागले की रुईचा क्विंटलचा भाव. १७० किलोच्या गाठी धरल्या तर खंडीत २.०९ गाठी. तुमच्या कापसाचा रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, ३४ टक्के असेल तर एका खंडीला सुमारे १०४६ किलो कापूस लागतो. म्हणजे खंडीचा भाव भागिले १०.४६, त्यात क्विंटलमागे निघणाऱ्या साधारण ६४ किलो सरकीची किंमत मिळवा आणि जिनिंगचा खर्च वजा करा. येणारा आकडा बाजार समितीतल्या कापसाच्या भावाशी ताडून पाहा. उतारा ३३ वर आला तर १०४६ च्या जागी १०७८ किलो धरावे लागतात, म्हणून भाव ठरवण्याआधी जिनिंगवाल्याकडून आपल्या मालाचा उतारा काढून घ्या.